चमत्कार खरा असला म्हणून शिक्षक खरा ठरतो का?

सलाम ताई.

तुमच्या लिहिण्यातून मला समजलं ते असं. वडील गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तुमच्या आई एका हॉलमधल्या शुक्रवारच्या सभेला जातात. तिथल्या सेवकाला सगळे 'प्रेषित' म्हणतात. त्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आईंची गुडघेदुखी थांबली. त्यानंतर त्यांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या, पुढे कैकपट परत मिळेल या आशेने पेरायचं 'बीज' म्हणून सोन्याच्या दोन बांगड्या दिल्या, आणि तुम्ही काही विचारलं की 'अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाविरुद्ध, बोलू नकोस, शाप लागेल' असं म्हणतात. तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनी त्या माणसाला व्यासपीठावरून खोटा संदेष्टा म्हटलं. तुमची अडचण अशी की आई खरोखर जिना चढून येतात. मग तो खोटा कसा? आणि 'कोणाचे दोष काढू नका' असं प्रभू येशूने सांगितलेलं असताना शंका घेऊन तुम्हीच पाप करताय का?

आधी गोळ्यांचं, कारण त्याला थांबता येणार नाही. शुगर वाढली तरी माणसाला बरेच दिवस काही जाणवत नाही, त्यामुळे 'मला तर काहीच त्रास नाही' हा बरं झाल्याचा पुरावा नव्हे. आईंना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी, दोन्ही करून घ्या. दुसऱ्या तपासणीतून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. त्या तयार नसतील तर विश्वासावर वाद घालू नका. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी वाचून दाखवा. प्रभूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं. कुष्ठ गेलं की नाही हे पाहून सांगण्याचं काम मोशेच्या नियमशास्त्राने याजकाला दिलेलं होतं, आणि खुद्द बरं करणाऱ्याने त्यांना तिकडे तपासायला पाठवलं. 'आई, देवाने बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल, मग डॉक्टरच गोळी कमी करतील आणि तुझी साक्ष पक्की होईल,' असं म्हणा. हे मी बऱ्याच घरांत बसून सांगितलं आहे. बहुतेक माणसं तयार होतात, कारण यात त्यांच्या श्रद्धेचा अपमान नाही. इन्सुलिन, फिट्सच्या, टीबीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या कुणी मनाने बंद करत असेल, तर तिथे एक दिवससुद्धा वाट पाहू नये.

आता पारखण्याचं. माझ्या मते तुम्ही चुकीच्या जागी अडकला आहात. गुडघा बरा झाला की नाही यावर तो माणूस खरा की खोटा हे ठरेल, असं तुम्ही धरून चालला आहात. पवित्र शास्त्र असं धरून चालत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशे म्हणतो की एखाद्या संदेष्ट्याने चिन्ह सांगितलं आणि ते घडूनही आलं, पण तो तुम्हाला दुसऱ्या देवांच्या मागे नेऊ लागला, तर त्याचं ऐकू नका. चिन्ह घडलं हे मोशे नाकारत नाही. त्याला तो निर्णायक मानत नाही. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी प्रभूही तेच सांगतो. त्या दिवशी पुष्कळ जण म्हणतील, तुझ्या नावाने आम्ही संदेश दिले, भुतं काढली, अद्भुत कृत्यं केली. आणि त्यांना उत्तर मिळेल, मला तुमची कधीच ओळख नव्हती. त्यांनी कामं केलीच नव्हती, असं तिथे म्हटलेलं नाही.

त्यामुळे गुडघा खोटा ठरवण्याच्या मागे लागू नका. सांधेदुखीला चढउतार असतात हे खरं, पण देवाने बरं केलं असेल तर त्याचे आभार माना. एका विधवेवर देवाला दया आली, याचा अर्थ हात ठेवणाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळालं असा होत नाही.

'दोष काढू नका' हे वचन मत्तयाच्या सातव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत आहे. त्याच अध्यायात, त्याच प्रवचनात, पंधराव्या-सोळाव्या ओवीत प्रभू म्हणतो की खोट्या संदेष्ट्यांविषयी जपून राहा, त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल. पारखायचंच नसतं तर फळं बघायला कशाला सांगितली असती? भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढून स्वतःला मोठं ठरवणं वेगळं, आणि कळपाला कोण चारतंय हे पाहणं वेगळं. बिरुया गावातले लोक प्रेषित पौल सांगतोय ते खरं आहे का हे दररोज शास्त्रात शोधून पाहत होते, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याबद्दल त्यांची स्तुती आहे. पौलाला पारखणं पाप नव्हतं, तर शुक्रवारच्या सभेतल्या सेवकाला पारखणं पाप कसं होईल?

मी काय बघतो ते सांगतो. पाळक म्हणून माझं आयुष्य खेड्यातल्या आणि नंतर शहरातल्या मराठी मंडळ्यांत गेलं, आणि असे प्रश्न घेऊन येणारी कुटुंबं माझ्याकडे सतत आली आहेत. त्यांच्यासाठी सगळ्यात आधी मी एकच गोष्ट शोधतो: या माणसाला कोणी प्रश्न विचारू शकतं का?

चुकीचं शिकवणारा प्रत्येक जण खोटा शिक्षक नसतो. अपुल्लोस नावाचा प्रचारक इफिसात आला तेव्हा त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता. म्हणजे त्याची शिकवण अपुरी होती, आणि तो आवेशाने सभास्थानात बोलत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्याने ऐकलं. त्याच्या उलट प्रेषित योहानाच्या तिसऱ्या पत्रातला मंडळीचा पुढारी दियत्रफेस. त्याच्या शिकवणीत काय चूक होती याबद्दल योहान एक शब्द लिहीत नाही. त्याला पुढारीपणाची हौस होती, तो कोणाचं ऐकत नव्हता, बंधूंचं स्वागत करणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत होता, असं लिहिलं आहे. दोघांतला फरक ज्ञानाचा नाही. प्रश्न विचारल्यावर माणूस काय करतो, त्यावर मी खूप वजन ठेवतो.

म्हणून तुमच्या आई जे 'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणतात, ते मला बांगड्यांपेक्षा जास्त गंभीर वाटतं. ते वचन एकशे पाचव्या स्तोत्रातलं आहे. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर परदेशी या राज्यातून त्या राज्यात भटकत होते, आणि देव राजांना बजावत होता की यांना त्रास देऊ नका. बलवानाला दुर्बळांपासून दूर ठेवणारं ते वचन आहे. ते उलटं फिरवून दुर्बळांची तोंडं बंद करायला वापरलं जातं, तेव्हा मला भीती वाटते. दावीदाने शौल राजावर हात टाकला नाही, पण सगळ्या सैन्यासमोर त्याला जाब विचारला. दावीद राजा झाल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलं. पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत दोष दिला. त्यांपैकी एकालाही शाप लागला नाही. आणि योहान तर सगळ्याच विश्वासणाऱ्यांना लिहितो की तुमचा अभिषेक झालेला आहे. त्यात तुमच्या आई आल्या, तुम्हीही आलात.

दुसरी गोष्ट पैसा. इथे लोक विचारतात, तो श्रीमंत आहे का? तो प्रश्न उपयोगाचा नाही. साधे कपडे घालून लुबाडणारेही असतात. पैसा कोण मोजतं, हे विचारा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि करिंथकरांना कारणही लिहिलं: कोणाला आमच्यावर ठपका ठेवता येऊ नये. स्वतः पौल, तरी एकट्याने पिशवी उचलली नाही. आज याचा अर्थ असा की संस्थेची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी आहे का, दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातो का, अर्पण दोघं-तिघं मिळून मोजतात का, पावती मिळते का, आणि भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की त्याच्या बायकोचं. शेवटचं तर तुम्ही येत्या शुक्रवारी स्वतः बघू शकता.

हा प्रश्न आजचा नाही. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे दारात आले की करायचं काय, यावर तीत स्पष्ट नियम आहेत. आलेल्याचं स्वागत करा. एक दिवस, फार तर दोन दिवस राहू द्या. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात बोलत असताना 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका. पण दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नका. त्या मंडळ्या गरीब होत्या, छळ सोसत होत्या, चमत्कारांवर त्यांचा विश्वास होता, आणि तरीही त्यांनी पाहुण्याचे दिवस मोजले. मला त्या लोकांचा फार आदर वाटतो.

'बीज पेरा, शंभरपट मिळेल' याबद्दल इतकंच सांगतो. अलीशा संदेष्ट्याने नामान सेनापतीला कोडातून बरं केलं आणि त्याच्याकडून काहीही घ्यायला नकार दिला. मागे धावत जाऊन चांदी आणि कपडे मागून आणले ते अलीशाचा चाकर गेहजी याने. शास्त्रात कोण गौरवला गेला आणि कोणाच्या अंगाला कोड चिकटलं, हे आईंना नक्की माहीत असेल. रविवारच्या शाळेत आपण सगळेच ती गोष्ट शिकलो.

तिसरी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात जड आहे. जे बरे होत नाहीत, त्यांना हा माणूस काय सांगतो? बरे झालेल्यांची साक्ष माईकवर येते. बाकीचे सभा संपल्यावर मागच्या दाराने घरी जातात, आणि नंतर आम्हा पाळकांच्या दारात येतात. ज्यांचं मूल गेलं आणि 'तुमचा विश्वास कमी पडला' असं ज्यांना सांगितलं गेलं, अशा आईबापांसमोर मी बसलो आहे. मूल गेल्याचं दुःख त्यांना होतंच, त्यावर 'आपणच मारलं' हा भार कोणीतरी ठेवून गेलेलं होतं. तो भार उतरवायला वर्षं लागतात, आणि काहींचा उतरत नाही. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडलं. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरायला टेकला होता. स्वतःच्या देहातला काटा जावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, आणि काटा गेला नाही. यांपैकी कोणाला तो अविश्वासी म्हणत नाही. जो सेवक चमत्काराचं श्रेय घेतो आणि अपयशाचा दोष आजाऱ्यावर टाकतो, त्याला मी मेंढपाळ म्हणणार नाही, मग त्याच्या सभेत कितीही लोक बरे होवोत.

या सभांत नाव, आजार, घरातली अडचण 'प्रकट' होते, त्याने माणसं फार हलतात. प्रत्येक वेळी लबाडी असते असं मी म्हणत नाही. पण १९८६ साली अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाच्या प्रचारकाचं प्रकरण उघडं पडलं. सभेआधी लोकांकडून प्रार्थनेची कार्डं भरून घेतली जात, त्यातली माहिती त्याची बायको वायरलेसवरून त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत असे, आणि अशा दाव्यांची तपासणी करणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या गटाने ते बोलणं पकडून टीव्हीवर ऐकवलं. आईंनी पहिल्या सभेच्या आधी फॉर्म भरला होता का, व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रार्थनेचे विषय टाकले होते का, हे एकदा सहज विचारून पाहा.

शिकवणीचं तुम्हाला पाळकांनी सांगितलंच असेल, म्हणून थोडक्यात: येशू ख्रिस्त कोण, वधस्तंभावर काय झालं, पश्चात्ताप म्हणजे काय, हे तिथे शिकवलं जातं का? की वर्षभर फक्त आशीर्वाद, शत्रू आणि शाप? पण शिकवण बरोबर असली म्हणजे संपलं, असंही समजू नका. रवी झकरायस या ख्रिस्ती वक्त्यांची भाषणं आपल्याकडे घराघरांत ऐकली गेली, आणि त्यांच्या शिकवणीत कोणाला खोट सापडली नव्हती. ते मे २०२० मध्ये वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांनी अनेक स्त्रियांशी केलेलं लैंगिक गैरवर्तन समोर आलं. त्याच्या काही वर्षं आधी एका स्त्रीने तक्रार केली होती, तेव्हा संस्थेने तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. नंतर जाहीर माफी मागावी लागली. म्हणून मी विचारतो की हा सेवक स्त्रियांना एकटं भेटतो का, दार बंद असतं का, आणि कोणी तक्रार केली तर ती ऐकायला त्याच्याशिवाय दुसरं कोणी आहे का.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी त्या माणसाला पाहिलेलं नाही, एकच बाजू ऐकली आहे. त्यामुळे तो खोटा संदेष्टा आहे असा निकाल मी इथून देणार नाही. आमच्या जुन्या मंडळ्यांत एक वाईट सवय आहे: आपली माणसं ज्याच्याकडे जातात, तो खोटा. भाड्याचा हॉल, मोठ्याने गाणं, रडून प्रार्थना, प्रार्थनेत अनोळखी 'अन्य भाषा' बोलणं, सेमिनरीची पदवी नसणं, यांतलं काहीही खोटेपणाची खूण नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली तासन्‌तास रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, आणि तेव्हाही पुष्कळांना ते खटकलं. पण दुष्काळातून आणलेल्या त्या मुलींना तिथे अन्न मिळालं, शिक्षण मिळालं, हाताला काम मिळालं. त्यांच्याकडून काही काढून घेतलं गेलं नाही. शांत उपासनेच्या, शंभर वर्षांच्या दगडी चर्चमध्येही लांडगा असू शकतो. पौलाने इफिसच्या मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बजावलं होतंच, चुकीचं शिकवणारी माणसं तुमच्यातूनच उठतील.

म्हणून जाऊन विचारा. एकट्या जाऊ नका. मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे पुढाऱ्यांपैकी, एक जण आणि आईंना ज्यांचा आदर आहे अशी एक बाई बरोबर घ्या. भांडणाच्या सुरात नको. आईंनी गोळ्या बंद केल्या हे तुम्हाला माहीत आहे का, आणि त्या पुन्हा सुरू करा असं तुम्ही स्वतः त्यांना सांगाल का, हे पहिलं. बांगड्यांची नोंद कुठे आहे, हे दुसरं. तो म्हणाला, 'मला माहीत नव्हतं, मी आजच फोन करतो,' आणि त्याने फोन केला, तर तुमच्यासमोर कदाचित अपुल्लोस बसलेला आहे; त्याच्याशी पुढे बोलत राहा. तो चिडला, शापाची भाषा बोलला, किंवा आईंना तुमच्याशी संबंध तोडायला सांगू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

संबंध तोडायला सांगणं आणि औषध बंद करायला लावणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मी थांबत नाही; तक्रार करा असं सांगतो. केनियात शाकाहोलाच्या जंगलात २०२३ साली चारशेहून अधिक मृतदेह सापडले. उपाशी राहा म्हणजे येशूची भेट होईल, असं लोकांना शिकवल्याचा आरोप असलेला प्रचारक त्याआधी शाळा आणि दवाखाने यांच्याविरुद्ध बोलत असे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो सगळ्या धर्मांच्या लोकांना सारखाच लागू आहे. 'आधीच आपल्या समाजाकडे संशयाने बघतात, त्यात आपणच तक्रार कशी करायची?' असं मला लोक विचारतात. त्यांची भीती मला कळते. पण आपल्या गप्प बसण्याची किंमत आजारी आणि एकटी माणसं मोजत असतील, तर त्या गप्प बसण्याला मी समाजावरचं प्रेम मानत नाही.

राहिल्या आई. त्यांना 'तुला फसवलं' असं म्हणू नका. त्यांनी सगळ्यांसमोर साक्ष दिली आहे, सोनं दिलं आहे. फसलो असं कबूल करण्याची लाज माणसाला अशा ठिकाणी श्रद्धेपेक्षाही जास्त काळ धरून ठेवते, हे मी वारंवार पाहिलं आहे. त्याऐवजी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर मार्काचं शुभवर्तमान पहिल्यापासून वाचा, एकेक अध्याय. मध्ये टीका करू नका. खरा मेंढपाळ कसा बोलतो, कोणाला हात लावतो, कोणाकडून काय मागतो, हे त्यांच्या कानावर रोज पडू द्या.

आणि तुमच्या पाळकांना माझा एक निरोप द्या. व्यासपीठावरून ते बोलले, ठीक. पण वडील गेल्यानंतरच्या या दोन वर्षांत ते आईंच्या घरी किती वेळा गेले? त्या सभेतल्या बाया आईंना रोज फोन करत असतील, दुपारी येऊन बसत असतील; तसं नसतं तर शुक्रवार त्यांना इतका लागला नसता. तेव्हा पाळकांनी आणि महिला मंडळाने आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जावं, त्या माणसाचं नाव काढू नये, चहा घ्यावा, वडिलांच्या आठवणी निघाल्या तर ऐकाव्यात, प्रार्थना करून यावं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं. आई एखाद्या रविवारी उपासनेला आल्या तर त्यांना साक्ष द्यायला कोणीही उभं करू नये. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाणार, तेवढं मात्र त्याच दिवशी ठरवून घ्यावं.